वळणारा आणि राखणारा : पुली की कोमोंडोर?

देब्रेत्सेनकर
रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. नवरा, मी आणि नऊ वर्षांची लेक असे आम्ही तिघं तीन वर्षांपासून हंगेरीत, देब्रेत्सेनला राहतो. काल होर्तोबाजला जाऊन आलो. इथून पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर आहे. नजर पोचेल तिथपर्यंत सपाट गवताळ माळ, त्याला इथे पुस्ता म्हणतात. मधूनच विहिरीवरची उंच ओकती (पाणी काढायचा लांब दांडा), राखाडी गुरांचे कळप आणि नऊ कमानींचा जुना दगडी पूल. हा भाग १९७३ साली हंगेरीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला आणि १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

तिथे रात्स्का जातीच्या मेंढ्यांचा कळप होता. शिंगं सरळ वर जाणारी, पिळलेल्या मेणबत्तीसारखी, आणि लोकर लांब बटांची. कळपाभोवती एक काळं, बुटकं, झिपरं कुत्रं नुसतं भिरभिरत होतं. त्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं ते फक्त पळायला लागलं की कळत होतं. त्याच्याकडे आम्ही बघत असतानाच कळपातली एक मोठी 'मेंढी' उठून उभी राहिली आणि आमच्या दिशेने दोन पावलं आली. ती मेंढी नव्हती. पांढऱ्या दोरखंडांनी मढवलेलं वासराएवढं कुत्रं होतं! भुंकलं नाही, गुरगुरलं नाही, फक्त मध्ये उभं राहिलं. मेंढपाळाने हात वर करून आम्हाला तिथेच थांबायला सांगितलं.

लेकीने विचारलं, "आई, ते काळं मोठं झालं की असं पांढरं होतं का?" मला उत्तर देता आलं नाही. नंतर कळलं की काळा तो पुली आणि पांढरा तो कोमोंडोर. आता घरात रोज एकच विषय आहे. लेकीला 'दोऱ्यांचं कुत्रं' हवंय. सध्या आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, पुढच्या वर्षी गावाबाहेर अंगणाचं घर घ्यायचा विचार आहे.

माझे प्रश्न : या दोन्ही एकाच जातीच्या लहान-मोठ्या आवृत्त्या आहेत का? नसतील तर नक्की फरक काय? आणि आमच्यासारख्यांनी कुठला घ्यावा? कुणी पाळले असतील तर मनापासून लिहा.

---

बुडापेस्टचा_बंड्या
रविवार, रात्री ९.४२

ताई, एकदम घरचा विषय काढलात! आमच्याकडे सहा वर्षांपासून पुली आहे, काळा, नाव काजळ. इथे म्हणच आहे, "नेम कुत्या, हानेम पुली". म्हणजे, कुत्रा नव्हे, पुली! पाळल्यावर ती शंभर टक्के पटते. दार उघडायला शिकला, लिफ्टचा आवाज ओळखतो, बायको रागावली की माझ्या पायामागे येऊन बसतो. पार्कात मुलं पांगली की सगळ्यांना गोलात आणल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मुलीसाठी पुलीच घ्या, डोळे मिटून.

कोमोंडोर मी फक्त लांबून पाहिलाय. लांबूनच बरा.

---

शब्दवेडा
रविवार, रात्री १०.०५

'कुत्या' वाचून थबकलो. हंगेरियनमध्ये कुत्र्याला कुत्या आणि आपल्याकडे कुत्रा! पण नातं जोडायची घाई नको. हंगेरियन भाषा उरालिक कुळातली, फिनिश आणि एस्टोनियनची लांबची बहीण. आपली इंडो-युरोपीय. कुत्र्याला जवळ बोलवायचा आवाज माणसं जगभर साधारण सारखाच काढतात, आपणही 'कुत कुत', 'यू यू' करतोच. अशा हाकेतून दोन्हीकडे शब्द तयार झाले असावेत. योगायोग आहे, पण गोड आहे.

---

चेन्नईस्थ_कोकणी
रविवार, रात्री १०.११

इकडे तमिळमध्ये पुली म्हणजे वाघ. "आमच्या घरात पुली आहे" म्हणालात तर शेजारी घर सोडून जातील. :)

---

फलटणचा_मेंढका
रविवार, रात्री १०.५८

धागा वाचून राहवलं नाही. माझा जन्म धनगराच्या वाड्यावरचा. वाडा म्हणजे बांधलेला नव्हे, घोड्यावर लादून चालणारा. दिवाळी झाली की वडील-चुलते मेंढरं घेऊन कोकणच्या बाजूला उतरायचे आणि पावसाळ्याआधी परत देशावर यायचे. मी शिकलो, आता नोकरी करतो, पण कान अजून रात्रीच्या भुंकण्याला जागे असतात.

देब्रेत्सेनकर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या भाषेतच आहे. आपण दोन वेगळे शब्द वापरतो. गुरं *वळणं* आणि गुरं *राखणं*. वळणारा कळपाच्या मागेपुढे पळतो, चुकलेल्याला परत आणतो, धन्याच्या शिट्टीकडे त्याचा कान असतो. राखणारा कळपात बसतो आणि तोंड बाहेरच्या बाजूला ठेवतो. एकाचं लक्ष मेंढरावर, दुसऱ्याचं लांडग्यावर. तुम्ही जे सांगितलंत त्यावरून काळं वळणारं आणि पांढरं राखणारं. अंगावर सारखे केस असले म्हणून काय झालं? विळा आणि तलवार दोन्हींना लोखंडच लागतं.

आमच्याकडे वळायचं काम माणूसच करतो, शिट्टीने आणि हाळीने. कुत्री फक्त राखणीला. रात्री वाघूर (मेंढरं कोंडायची जाळी) लावली की कुत्री बाहेरच्या अंगाला पडतात. लांडगा आला की वडिलांना दिसायच्या आधी कुत्र्याच्या आवाजावरून कळायचं. माणूस आला तर भुंकणं वेगळं आणि लांडगा आला तर वेगळं.

---

देब्रेत्सेनकर
रविवार, रात्री ११.२०

फलटणचा_मेंढका दादा, हे वाचून अंगावर काटा आला. तो पांढरा कुत्रा खरंच आमच्याकडे तोंड करून उभा होता, मेंढ्यांकडे पाठ. आणि काळ्याने आमच्याकडे एकदाही बघितलं नाही!

---

पशुवैद्य_पुणे
सोमवार, सकाळी ७.३०

मेंढका यांनी गाभा सांगितला आहे. मी आकडे आणि ओळखायच्या खुणा देते.

आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या नोंदीत या दोन पूर्ण वेगळ्या जाती आहेत. कोमोंडोरचा क्रमांक ५३ आणि पुलीचा ५५. मधला ५४ हंगेरीच्याच कुवासचा, तोही पांढरा राखणदार, पण त्याच्या केसांना दोर नसतात. कोमोंडोर नर खांद्याशी किमान ७० सेंटिमीटर, मादी ६५, आणि नराचं वजन ५० ते ६० किलो. पुली नर ३९ ते ४५ सेंटिमीटर आणि १३ ते १५ किलो. म्हणजे एका कोमोंडोरच्या वजनात चार पुली बसतात.

रंग : कोमोंडोर फक्त हस्तिदंती पांढरा. पुली बहुतेक काळा, पण राखाडी, काळ्या मुखवट्याचा फिका पिवळट आणि शुभ्रही असतो. गोंधळ होतो तो या पांढऱ्या पुलीमुळे. त्याच्या शेजारी कोमोंडोरचं चार महिन्यांचं पिल्लू उभं केलं तर नवखा माणूस हमखास चुकेल. तेव्हा शेपूट पाहा. पुलीची शेपटी पाठीवर वळून बसलेली असते, कोमोंडोरची खाली लोंबते आणि फक्त टोकाशी किंचित वर उचललेली. पुलीचे दोरही बारीक असतात.

रंगाचं कारण मेंढपाळ असं सांगतात : राखणारा रात्री काम करतो, तो पांढरा असला म्हणजे अंधारात लांडगा समजून त्याच्यावर काठी पडत नाही. वळणारा दिवसा काम करतो, तो काळा असला की पांढऱ्या कळपात लांबूनही दिसतो.

आणखी एक गैरसमज खोडते. डोळ्यांवरचे केस कापले किंवा वर बांधले तर ही कुत्री आंधळी होतात असं सर्रास सांगतात. त्यात तथ्य नाही. खुशाल बांधा.

---

नुसताच_वाचक
सोमवार, सकाळी ९.१५

फेसबुकच्या मार्क झुकरबर्गकडे आहे तो कोमोंडोर ना? मॉपसारखा दिसतो तो?

---

बुडापेस्टचा_बंड्या
सोमवार, सकाळी ९.२२

नाही हो, तो पुली. पांढरा पुली, नाव बीस्ट, २०११ मध्ये घेतलेला. त्याचे फोटो बघून तुमच्यासारखेच बरेच जण त्याला कोमोंडोर समजतात. आणि इथे पुलीवर एवढं प्रेम की चंद्रावर गाडी पाठवायच्या गूगल स्पर्धेत हंगेरीचा जो संघ उतरला त्याचं नावसुद्धा पुली.

---

मिलानवासी
सोमवार, दुपारी १.४०

तिसरा भिडू विसरू नका : आमच्या इथला बेर्गामास्को. बेर्गामोच्या वरच्या आल्प्समधला मेंढ्या वळणारा कुत्रा. लांबून तसाच, पण जवळ जाऊन हात लावला की कळतं. त्याच्या अंगावर तीन तऱ्हेचे केस असतात : तळाशी मऊ लव, वर बकरीसारखे राठ केस आणि लोकरी केस. ते मिळून चपटे थर होतात, कौलांसारखे एकावर एक. पुलीचे खरे गोल दोर, याचे पट्टे. तिघांनाही 'दोरीवाला कुत्रा' म्हणून एकाच पिशवीत टाकणं बरोबर नाही.

---

लोकरीण
सोमवार, दुपारी ३.०५

मला कुत्र्यांपेक्षा त्या दोरांचंच कुतूहल आहे. ते कुणी विणतं का, की आपोआप होतात? मी हातमागावर लोकर विणते, म्हणून विचारते.

---

पशुवैद्य_पुणे
सोमवार, दुपारी ४.३०

लोकरीण, हा प्रश्न तुमच्याच विषयातला आहे. या कुत्र्यांना खाली मऊ, दाट लव असते आणि वर राठ केस. इतर कुत्र्यांची लव गळून घरभर पडते. यांची गळलेली लव वरच्या केसांत अडकते आणि तिथेच पिळ खात बसते. तुमच्याकडे लोकर ओलावा आणि घर्षणाने घट्ट होऊन नमदा होतो, तसंच. फक्त इथे नमदा जिवंत कुत्र्याच्या अंगावर होतो. साधारण वर्षाच्या आसपास गुठळ्या दिसू लागतात. त्या वेळी मालकाने बोटांनी एकेक गुठळी कातडीपर्यंत फाडून वेगळी करायची असते. केली नाही तर बटा न होता सगळ्या अंगावर एक सलग पापुद्रा तयार होतो, खाली हवा जात नाही आणि कातडी सडते. विंचरायचं मात्र कधीच नाही. जमिनीला टेकणारे दोर व्हायला काही वर्षं जातात.

---

मोकळे_केस
सोमवार, रात्री ८.५०

हे वाचून माझ्या कामाची आठवण झाली, विषयाला थोडं सोडून लिहिते. मी काही वर्षांपासून आमच्या भागात जट सोडवायच्या कामाला जाते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हे काम बरीच वर्षं करत आहेत. बाईच्या केसांत गुंता झाला की घरचे म्हणतात देवी आली, आणि मग बाई ते ओझं आयुष्यभर वागवते. मान दुखते, उवा होतात, झोप लागत नाही. मी प्रत्येक घरी हेच समजावते की गळलेले केस न विंचरल्यामुळे उरलेल्या केसांत अडकले, तेल-धूळ बसली आणि त्याची जट झाली. यात देवीचा काही संबंध नाही.

डॉक्टरताई, तुम्ही कुत्र्याच्या केसांचं जे सांगितलंत ते अक्षरशः तेच आहे. पुढच्या वेळी मी या कुत्र्याचा फोटो बरोबर नेणार. एखाद्या सासूबाईंना माझ्या बोलण्यापेक्षा फोटोने लवकर पटेल.

---

पशुवैद्य_पुणे
सोमवार, रात्री ९.१०

जरूर न्या. फोटो मी पाठवते. तुमच्या कामाला मनापासून नमस्कार.

---

देब्रेत्सेनकर
सोमवार, रात्री ९.३५

मोकळे_केस ताई, तुमचं अजिबात विषयांतर नाही. लेकीला वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प होती.

आता बंड्यादादांना विचारते : आंघोळ कशी घालता?

---

बुडापेस्टचा_बंड्या
सोमवार, रात्री १०.२०

आता खरं सांगायची वेळ आली. काजळची आंघोळ म्हणजे आमच्याकडचा सण. वर्षातून तीन-चार वेळाच. शनिवारी सकाळी सुरू करतो. आधी पाणी आत जायलाच पाऊण तास लागतो, कारण दोर पाणी झटकून टाकतात. साबण बादलीत कालवून ओततो आणि एकेक दोर मुठीत धरून दाबतो. आईने घोंगडी धुतलेली आठवते ना? चोळायचं नाही, दाबायचं. मग साबण निघेपर्यंत पाणी, पाणी, पाणी. साबण आत राहिला तर खाज सुटते. नंतर सात-आठ टॉवेल आणि दोन पंखे. वरून वाळल्यासारखा वाटतो, पण दोराचा गाभा ओलाच असतो. रविवारी संध्याकाळपर्यंत पंखे चालू. एकदा कंटाळून लवकर बंद केले तर चार दिवसांत घरभर पावसाळ्यातल्या ओल्या गोधडीसारखा कुबट वास. पुन्हा पहिल्यापासून.

उन्हाळ्यात फिरून आला की कुसळं आणि गोचीड. गोचीड दोराखाली कातडीला चिकटते, दिसत नाही. इथल्या गोचिडींमुळे माणसांनाही आजार होतात, त्यामुळे रोज रात्री बोटांनी चाचपावंच लागतं. हे सगळं १४ किलोच्या कुत्र्याचं. ६० किलोच्या कोमोंडोरचा विचार तुम्हीच करा.

एवढं असूनही, त्याच्या दोरांत बोटं घालून बसलं की दिवसाचा शीण जातो.

---

मुंबईचा_समीप
मंगळवार, सकाळी ८.००

मला तर आत्ताच पुली हवासा झाला! अंधेरीत फ्लॅट आहे, एसी आहे. कुठे मिळेल?

---

पशुवैद्य_पुणे
मंगळवार, सकाळी ८.४५

कळकळीने सांगते, नका. लोक उकाड्याचं बोलतात, पण खरी अडचण ओलाव्याची आहे. पुस्त्यावर वर्षाकाठी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, साधारण आपल्या अवर्षणी तालुक्यांएवढा. तिथे दोर वाळतात. मुंबईत जून ते सप्टेंबर तो दोर वाळणारच नाही. मग बुरशी, मग कातडीचे आजार, मग माझ्यासारखीकडे येऊन पूर्ण भादरणं. शिवाय परदेशातून पैदाशीसाठी आणि विक्रीसाठी कुत्री आणण्यावर केंद्राने २०१६ मध्ये निर्बंध घातले. त्यामुळे कुणी "आयात पिल्लू देतो" म्हणालं तर आधी कागद मागा. आश्रयगृहात गावठी पिल्लं वाट पाहत आहेत, ती बघा ना.

---

मुंबईचा_समीप
मंगळवार, सकाळी ९.०२

पटलं. रविवारी आश्रयगृहात जाऊन येतो. धन्यवाद डॉक्टर.

---

बुडापेस्टचा_बंड्या
मंगळवार, सकाळी ९.३०

डॉक्टर, भादरण्याला शिक्षा का समजायची? मेंढ्यांबरोबर वसंतात कामाच्या पुलीलाही कातरायची पद्धत होती असं इथले म्हातारे सांगतात. प्रदर्शनात जमिनीवर लोळणारे दोर दिसतात ते प्रदर्शनासाठी. बऱ्याच घरांत पुली आखूड केसांचाच असतो आणि मजेत असतो.

---

पशुवैद्य_पुणे
मंगळवार, सकाळी १०.१५

मान्य. घरच्या कुत्र्याला आखूड ठेवण्यात काहीच गैर नाही, कुत्र्याला उलट सुख वाटतं. माझा राग 'दोर हवेत' म्हणून आणून नंतर न झेपणाऱ्यांवर आहे. कोमोंडोर राखणीला असेल तर मात्र विचार करून. तो जाड थर लांडग्याच्या दातांपुढे चिलखतासारखा असतो, आणि थंडीवाऱ्यात रात्रभर उघड्यावर झोपायचं असतं.

---

आयडाहोची_आजी
मंगळवार, सायंकाळी ७.४०

मुलाकडे आयडाहोत असते, वय ७४, हळू टंकते, सांभाळून घ्या. इथे मेंढ्यांचे मोठे कळप आहेत आणि कोयोटी (इथले कोल्ह्यासारखे जंगली प्राणी) त्यांना फार त्रास देतात. या राज्यात डुबॉइस गावाजवळ मेंढ्यांवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. पूर्वी कोयोटीला विष घालत. १९७०च्या दशकात त्यावर निर्बंध आले, तेव्हा राखणीच्या कुत्र्यांचा नव्याने विचार सुरू झाला. पहिल्या काही प्रयोगांत हंगेरीचे कोमोंडोर होते.

पुढे १९८०च्या दशकात कुत्री वापरणाऱ्या मेंढपाळांची पाहणी झाली. राखणीच्या कामात जातीजातींत फारसा फरक निघाला नाही. पण माणसांना चावण्यात कोमोंडोर पिरेनीज या दुसऱ्या पांढऱ्या राखणदार जातीपेक्षा पुढे होता. आता आमच्या आजूबाजूला पिरेनीजच जास्त दिसतात.

देब्रेत्सेनकर बाळा, हे मुद्दाम तुझ्यासाठी लिहिलं. तुझ्या लेकीच्या मैत्रिणी घरी येणार, धावणार, किंचाळणार. राखणाऱ्या कुत्र्याला तुझी लेक आपल्या कळपातली वाटेल. मैत्रिणी कुठल्या, हे तो स्वतःच ठरवेल. तो वाईट नाही, त्याचं कामच ते आहे.

---

फलटणचा_मेंढका
मंगळवार, रात्री ९.००

आजींचं शंभर टक्के खरं. आमच्या वाड्यावर पाहुणा आला की आई आधी कुत्र्याला हाक मारून जवळ घ्यायची, मग पाहुण्याला पाणी. कुत्र्याला कळलं पाहिजे की हा माणूस आपल्या घरात बसला.

अजून एक. राखणारं कुत्रं शिकवून होत नाही. डोळे उघडल्यापासून ते मेंढरांत वाढतं, कोकरांशेजारी झोपतं, त्याला ते आपलं घर वाटतं. वळणाऱ्याच्या अंगात शिकारीची ओढ असते, फक्त ती पाठलागापर्यंत येऊन थांबते. राखणाऱ्यात ती ओढच नसावी लागते. मेंढरू पळालं तरी हा बसून राहिला पाहिजे. म्हणून एकाकडून दुसऱ्याचं काम होत नाही. पुलीला राखणीला ठेवलं तर रात्रभर मेंढरं पळवून दमवील. कोमोंडोरला वळायला सांगितलं तर तो तुमच्याकडे बघून जांभई देईल.

---

इतिहासप्रेमी_नागपूर
मंगळवार, रात्री १०.३५

दोघांच्या कुळकथेबद्दल थोडं. कोमोंडोरचं नाव कुमन लोकांवरून आलं, असं एक मत आहे. कुमन म्हणजे स्टेप नावाच्या गवताळ माळांवरची भटकी, तुर्कीभाषक पशुपालक टोळी, हंगेरियनमध्ये कुन. मंगोलांच्या रेट्यापुढे पळत आलेल्या त्यांना १२३९ साली राजा बेला चौथा याने हंगेरीत आसरा दिला. ते जिथे वसले त्या भागांना आजही किश्कुनशाग आणि नाज्कुनशाग म्हणतात, धाकटं आणि थोरलं कुमनस्थान. त्या मतानुसार कोमोंडोर म्हणजे कुमनांचा कुत्रा.

पुलीची कथा अलीकडची आणि मला जास्त भावणारी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माळ नांगरले जात होते, कळप आटत होते आणि पुली, पुमी वगैरे जाती एकमेकींत मिसळून चालल्या होत्या. एमिल रायचिच नावाच्या पशुवैद्यकाने १९१२ मध्ये बुडापेस्टच्या प्राणिसंग्रहालयात पुली वेचून पैदास सुरू केली. वाघ-सिंहांच्या जागी गावच्या मेंढपाळाचं कुत्रं जपायचं, हे त्या काळी सुचणं मोठी गोष्ट. पुढे दुसऱ्या महायुद्धाने दोन्ही जातींचं कंबरडं मोडलं. कोमोंडोरचं नुकसान फार मोठं. दाराशी उभा राहून वाट अडवणारा कुत्रा सैनिकांच्या गोळीला पहिला बळी पडायचा. उरलेल्या मोजक्या कुत्र्यांवरून जात पुन्हा उभी केली गेली. २००४ मध्ये हंगेरीच्या संसदेने आपल्या जुन्या पाळीव प्राण्यांच्या जातींना राष्ट्रीय ठेवा ठरवलं, त्यात हे दोघेही आहेत.

---

फलटणचा_मेंढका
मंगळवार, रात्री १०.५०

आणि आपल्या धनगरी कुत्र्याची नोंद कुठेच नाही. ना क्रमांक, ना ठराव. माळ तर आपलेही संपत चाललेत. कुठे कारखाना, कुठे वनखात्याची तार. रायचिचसारखा कुणी आपल्याकडे वाड्यावाड्यांवर फिरला असता तर! हे मी रागाने नाही, पोटतिडकीने लिहितोय.

---

पशुवैद्य_पुणे
मंगळवार, रात्री ११.०५

मेंढका, तुम्ही वाडे दाखवणार असाल तर मी यायला तयार आहे. मोजमापं, फोटो, वंशावळ, जेवढं लिहून ठेवता येईल तेवढं. या पावसाळ्यात वाडे देशावर असताना सुरुवात करू. तुम्हाला वेगळा निरोप पाठवते.

---

लोकरीण
बुधवार, सकाळी ११.१५

डॉक्टरताई, मलाही बरोबर घ्या. दख्खनी मेंढीच्या लोकरीचं मी लिहून घेईन.

देब्रेत्सेनकर, तुमच्या गावात 'गुबा' नावाचा जुना झगा बघायला मिळतो का? रात्स्काच्या लोकरीचा विणलेला आणि बाहेरच्या बाजूने झिपऱ्या सोडलेला. मेंढी झिपरी, कुत्रं झिपरं आणि त्यांच्या धन्याचा झगाही झिपरा. मला ते तिघं एका ओळीत उभे दिसतात.

---

बुडापेस्टचा_बंड्या
बुधवार, दुपारी १२.३०

सगळ्यांचं वाचून एक कबूल करतो. पहिल्या प्रतिसादात "डोळे मिटून घ्या" म्हणालो ते चुकलं. काजळ दोन वर्षांचा होईपर्यंत शेजाऱ्यांनी तीनदा तक्रार केली होती. पुली भुंकतो. कळप हलवायचा तर आवाज लागतो, तो त्याच्या रक्तात आहे. शिवाय रोज दीड-दोन तास पळायला हवं, नाहीतर सोफा फाडतो. पुली फ्लॅटमध्ये राहू शकतो, पण मग तुमचं सगळं वेळापत्रक त्याच्याभोवती फिरतं. माझं फिरतं, मला ते आवडतं. तुमच्या घरात ते कोण करणार, हे आधी ठरवा.

---

देब्रेत्सेनकर
रविवार, रात्री ८.४५

मंडळी, आठवडाभर तुमचे सगळे प्रतिसाद आम्ही तिघांनी मिळून वाचले. आज पुन्हा होर्तोबाजला गेलो होतो. या वेळी नवऱ्याच्या सहकाऱ्याला दुभाषा म्हणून बरोबर घेतलं आणि त्या मेंढपाळकाकांशी बोललो.

कोमोंडोरचा प्रश्न काकांनी एका वाक्यात मिटवला. म्हणाले, "याला कळप नाही दिला तर तो तुमच्या रस्त्यालाच कळप समजेल." आजी, मला तुमचीच आठवण आली.

पुलीबद्दल बोलताना मात्र त्यांचा चेहरा उजळला. लेकीला जवळ बोलावून त्यांनी पुलीच्या मानेवरची एक जाड गुठळी तिच्या हातात दिली आणि ती कशी फाडायची ते दाखवलं. तिला जोर पुरेना, पण तिने सोडलं नाही. दहा मिनिटांनी एकाचे दोन दोर झाले. पुली एवढा वेळ शांत पडून होता. तेवढ्यात पलीकडे दोन मेंढ्या कळपातून बाहेर सरकल्या आणि हा तिच्या हातातून निसटून गेलासुद्धा!

ठरलंय ते असं : चौथ्या मजल्यावर कुठलाच कुत्रा आणायचा नाही. अंगणाचं घर झालं की पुली, आणि केस आखूड ठेवायचे की दोर करायचे ते त्या वर्षीची आमची ताकद बघून. तोपर्यंत महिन्यातून एका रविवारी लेक काकांकडे गुठळ्या सोडवायला जाणार. काकांनी स्वतःहून बोलावलंय.

लोकरीण, गुबा इथल्या संग्रहालयात आहे, फोटो काढून पाठवते. मेंढका दादा, दोन्ही कुत्र्यांचे व्हिडिओ तुम्हाला पाठवलेत, वडिलांना नक्की दाखवा.

---

फलटणचा_मेंढका
सोमवार, रात्री ९.५५

दाखवले. वडील ८१ वर्षांचे आहेत, आता नीट दिसत नाही, तरी मोबाइल डोळ्यांजवळ धरून तीनदा बघितलं. काळ्याचं पळणं बघून म्हणाले, "ह्ये आपल्याकडं असतं तर माझे गुडघे शाबूत ऱ्हायले असते."

पांढऱ्याचा व्हिडिओ लागला तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मेंढरात मेंढरासारखं बसलंय. लांडग्याला जवळ येईस्तवर कळणार न्हाई." आणि तुम्हाला विचारायला सांगितलंय : विणीच्या दिवसांत कोकरू जन्मलं की हा पांढरा त्याच्याजवळ जातो का, आणि मेंढी त्याला जाऊ देते का? काकांना विचाराल?

---

देब्रेत्सेनकर
सोमवार, रात्री १०.१०

पुढच्या रविवारी विचारते. लेकीने वहीत लिहूनही घेतलंय.